चौऱ्याहत्तर तुकडे

१६ एप्रिल

प्रिय आत्या,

नमस्कार. पाया पडलो असे समज. एवढ्या लांबून वाकता येत नाही.

फोनवर माझ्या तोंडून 'हो', 'बरं' आणि 'जेवलो' याखेरीज काही बाहेर पडत नाही, त्यापेक्षा पत्र टाक, असे तू म्हणालीस. म्हणून टाकत आहे.

आधी नोकरीचे नीट सांगतो, कारण मी विद्यापीठात शिकवतो असे तू शेजारच्या काकूंना सांगितल्याचे माझ्या कानावर आले आहे. मी शिकवत नाही. उत्खनन विभागाच्या भांडारात मदतनीस आहे. जमिनीतून निघालेली खापरे धुतो, सावलीत वाळवतो आणि प्रत्येकाच्या आतल्या बाजूला बारीक टाकाने क्रमांक घालतो. छापखान्यात तीन वर्षे मुद्रिते तपासून नजर तयार झाली होती, ती इथे कामी आली. दहावी अर्धी सोडलेल्या माणसाला यापेक्षा चांगली जागा मिळणे कठीण. पण ती एकतीस मेपर्यंतच आहे. पुढे ठेवायचे की नाही ते विभागप्रमुख मॅडम ठरवणार. आत्या, मला इथेच राहायचे आहे. हे वाक्य मी कोणापुढेही बोललेलो नाही, म्हणून तुला लिहितो.

भांडार सांभाळतात त्यांना सगळे 'काका' म्हणतात. जूनमध्ये निवृत्त होतील. हल्ली विसरतात. चहाचा कप ट्रेच्या रांगेत ठेवून देतात आणि मग त्यावर मी क्रमांक घातला नाही ना, हे बघायला येतात.

बारा मेला इथे शाळेतल्या मुलांची कार्यशाळा आहे. त्या दिवशी सगळे विभाग नववी ते अकरावीच्या मुलांना दार उघडतात. पुढे काय शिकायचे ते ठरवण्याआधी मुलांनी विषय हातात घेऊन पाहावा, असा बेत. आमच्याकडे बारा जण येतील. त्यांच्यासाठी एक पेटी काढून ठेवली आहे, ती धुवून क्रमांक घालायचे काम माझ्याकडे आले. आत एका मडक्याचे चौऱ्याहत्तर तुकडे आहेत. ते कुठल्या खड्ड्यातून निघाले त्याची नोंद फार पूर्वी हरवली, म्हणून शिकवायला ठेवले, असे काका म्हणाले.

आज बारा आणि एकतीस हे दोन क्रमांक वाळताना शेजारी आले आणि मी ते सहज एकमेकांना लावले. बसले. नखही आत जाईना. मी वेगळे करून पुन्हा लावून पाहिले. किती वर्षांनी ते एकमेकांना लागले असतील, याचा विचार करत दुपारचा डबा तसाच राहिला.

मॅडम उत्खननावर गेल्या आहेत, अकरा मेला परततील. मुलांना पेटीभर तुकड्यांपेक्षा अख्खे मडके दाखवलेले बरे, असे माझे मत होत चालले आहे.

तुझा

*

२० एप्रिल

दोनदा,

या नावाचा तुला राग येतो हे ठाऊक आहे, पण कुलूप लावून दोनदा ओढून बघणाऱ्याला मी दुसरं काय म्हणू? आणि तुझं पत्र म्हणजे सरकारी नोटीस वाटते. आत्याला लिहितोयस, न्यायाधीशाला नाही.

शेजारणीला मी 'विद्यापीठात असतो' एवढंच म्हणाले होते. शिकवण्याचं तिनं तिच्या मनानं लावलं, मी लावू दिलं. तू ओठावर मिसरूड नसताना माझ्याकडे राहायला आलास, चार वर्षं माझ्या मशीनखाली बसून अभ्यास केलास. मला तेवढी फुशारकी मारू दे.

इकडे शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. एकशेचाळीस सदरे. मला आणि माझ्या मदतनीस बाईला पाठ सरळ करायची सवड नाही. तुला तिकडे मडकी जोडायला वेळ आहे, चांगलं आहे.

पण जोडतोच आहेस तर एक सांगते. बाहेरच्या नक्षीवर जाऊ नकोस. कपड्याची परीक्षा आतून करायची असते. बाहेरून सगळे सारखेच छान दिसतात, शिवणाऱ्याचा हात आतल्या बाजूला सापडतो. मडक्यालाही आत असेल काहीतरी.

आणि तुझ्या पत्रात एक गोष्ट मला दिसली नाही. मॅडमना विचारलंस का? हो की नाही एवढंच लिही, निबंध नको.

आत्या

*

२५ एप्रिल

प्रिय आत्या,

नमस्कार. एक्केचाळीस तुकडे बसले.

तू म्हणालीस ते तंतोतंत खरे निघाले. आतल्या बाजूला बोटांच्या रेघा आहेत. चाक फिरत असताना कुंभाराची बोटे वर सरकली त्यांचे ते वळ आहेत. बाहेरचा रंग उडाला, तरी त्या रेघा एका तुकड्यातून दुसऱ्यात गाडीच्या रुळांसारख्या पुढे जातात. त्या धरूनच मी चाललो आहे. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास आणि पाचनंतर दार बंद होईपर्यंत एक तास, एवढाच वेळ घेतो. विभागाच्या कामात कसूर केलेली नाही.

पद्धत अशी आहे. एका पसरट ट्रेमध्ये कोरडी वाळू घ्यायची. जोडलेला तुकडा तिच्यात उभा रोवायचा, म्हणजे गोंद सुकेपर्यंत कलत नाही. विभागात जोडकामासाठीच ठेवलेला गोंद आहे, तो अगदी बारीक कुंचल्याने कडेच्या मधोमधच लावायचा, बाहेर ओघळू द्यायचा नाही. बुडापासून सुरुवात करायची. मध्येच कुठे घाई केली, तर शेवटच्या तुकड्याला शिरायला वाट राहत नाही. सोबत चार पाने चित्रे पाठवत आहे, कोणता तुकडा कोणत्या दिवशी कोणाशेजारी गेला ते त्यात क्रमाने लिहिले आहे. तुला त्याचा काही उपयोग नाही. पण कोणाला तरी दाखवावेसे वाटले.

एक तुकडा मात्र कोड्यात टाकतो. क्रमांक अठ्ठावन्न. बाकी सगळ्यांच्या कडा खडबडीत आहेत, याची एक कड गुळगुळीत आणि तिरकी झिजलेली आहे. रेघाही कोणाशी जुळत नाहीत. त्याचे चित्र वेगळ्या पानावर, खऱ्या मापाचे काढले आहे. बघून सांग.

तुझ्या प्रश्नाबद्दल. मॅडम आहेत तिथे फोन लागत नाही. काकांना सांगितले, तेव्हा ते 'हं' म्हणाले. ते 'हं' नेमके कशाला होते, हे मी पुन्हा विचारले नाही.

तुझा

*

३० एप्रिल

दोनदा,

म्हणजे 'नाही'. एका शब्दाच्या उत्तराला तू पाव पान घेतलंस.

अठ्ठावन्नचं चित्र मी टाचणीनं भिंतीला लावलं होतं. मदतनीस बाई म्हणाली, अय्या, हा तर आपला खडू. आम्ही कापडावर खुणा करायला चपटा खडू वापरतो, तू पाहिलेला आहेस. नवा असतो तेव्हा चौकोनी, महिनाभरात एका बाजूनं तिरका झिजतो. माझा उजवीकडून झिजतो. ही बाई डावखुरी आहे, तिचा डावीकडून. कुणी कुणाचा उचलला तर लगेच कळतं, हातात नीट बसतच नाही. त्यावरून आमची भांडणं झालीत.

तेव्हा तुझा अठ्ठावन्न मडक्याचा नसेलच. फुटक्या खापरानं कुणीतरी काहीतरी घासत असेल, खरवडत असेल. रोज, एकाच हातानं. तो तुकडा हातात धरून बघ, कुठल्या हातात बसतो ते. मडक्यात कोंबू नकोस. मुंढ्यात बसत नाही म्हणून बाही कापायची नसते.

मला हे सगळं आवडलं, खोटं कशाला बोलू. काल सदऱ्यांच्या काजांवर बसले होते आणि डोक्यात तुझं मडकं. पण ते मडकं तुझं नाही, हे विसरू नकोस. काका नुसतं 'हं' म्हणाले, तर त्यांना समोर बसवून पुन्हा विचार.

आत्या

*

४ मे

प्रिय आत्या,

डाव्या हातात.

मी तुझे पत्र जिन्यातच वाचले आणि तसाच भांडारात गेलो. उजव्या हातात अठ्ठावन्न बोचतो. डाव्या हातात घेतला, तर अंगठ्याला खोबण आहे, तर्जनी मागे टेकते आणि झिजलेली कड बरोबर खाली येते. आत्या, माझ्या हातात कोणीतरी हात दिल्यासारखे झाले. कोण होते, बाई की पुरुष, काय घासत होते, काहीच माहीत नाही. डावखुरे होते एवढे मात्र वाटते. एवढे कळल्यावर बाकीचे न कळणे जास्तच त्रास देते. मी हल्ली बसमध्ये लोक दांडा कुठल्या हाताने धरतात ते बघत असतो.

मडके पूर्ण झाले. त्र्याहत्तर तुकडे बसले. खांद्यावर घेवड्याच्या दाण्याएवढी एक फट राहिली आहे, तो कपचा पेटीत नव्हताच. मडके गुडघ्याएवढे उंच आहे आणि डावीकडे जरा कललेले. ते कलणे माझे नाही, कुंभाराचेच आहे, मी तपासले. सोबत शेवटची दोन पाने.

काकांना पुन्हा विचारायचे राहिले. ते दोन दिवस रजेवर होते. आता झालेच आहे. मी ते कार्यशाळेच्या टेबलावर मधोमध ठेवून वर स्वच्छ कापड घालणार आहे. मॅडम परत येऊन कापड उचलतील. त्यानंतर एकतीस मेची काळजी करावी लागणार नाही, असे मला वाटते.

तुझा

*

१० मे, गुरुवार

आत्या,

मघाशी फोन केला होता. तू उचललास आणि मी जेवलीस का एवढेच विचारून ठेवला. तोंडातून निघेना.

आज दुपारी मी मडके कार्यशाळेच्या खोलीत नेऊन ठेवले. काका आले, बघतच राहिले. मग त्यांनी विचारले की मुलं आता जोडणार काय. कार्यशाळा म्हणजे तेच आहे. मॅडम पेटी टेबलावर ओततात आणि तीन तास बारा मुलांनी तुकडे जुळवायचे, कागदी चिकटपट्टीने, जमेल तेवढे. जुळवता जुळवता मुले प्रश्न विचारू लागतात, आणि तो प्रश्न म्हणजेच विषय, असे मॅडमचे म्हणणे आहे. दर वर्षी हेच मडके. दर वर्षी पुन्हा सोडवून पेटीत ठेवायचे. हे विभागात सगळ्यांना ठाऊक आहे, मी सोडून. मी फेब्रुवारीत लागलो. आणि विचारले नाही.

मुलांचे कोडे मी सोडवून बसलो आहे.

हा गोंद ॲसिटोनने सुटतो. काका दोन वाजता घरी गेले, त्यांच्या दाताला कळ होती. मी दार लावून घेतले आणि कापसाचे बोळे भिजवून एकेका सांध्यावर धरले. सहा वाजता चौऱ्याहत्तर तुकडे पेटीत होते. जोडायला सतरा दिवस लागले, सोडवायला चार तास. कोणाला कळणार नाही. काका आज पाहून गेले आहेत, पण उद्या त्यांच्या लक्षात राहील असे मला वाटत नाही.

आणि समजा कळलेच, कडांवर कुठे गोंद राहिला असेल आणि मॅडमनी विचारले, तर काकांनीच कधीतरी जोडले असेल असे मी सांगेन. ते विसरतात हे सगळ्यांना माहीत आहे. ते स्वतःही नाही म्हणणार नाहीत. त्यांचा एक महिना उरला आहे, त्यांचे काय बिघडणार? माझे सगळे आयुष्य आहे.

हे वाचून फाडून टाक.

*

१२ मे

दोनदा,

तुझं पत्र आत्ता दुपारी मिळालं. आज शनिवार. तिकडे जे व्हायचं ते होऊन गेलं असेल, किंवा मी हे लिहितेय तेव्हा होत असेल. तरी लिहिते, नाहीतर रात्री जेवण जाणार नाही.

तू मडकं जोडलंस ते मला समजतं. दोन तुकडे बसले की तिसरा शोधल्याशिवाय हात थांबत नाही, माझंही तसंच होतं. तू ते सोडवलंस तेही समजतं, तू लहानपणापासून घाबरट आहेस. मधमाशीला तू वाट द्यायचास.

पण काकांचं ते वाक्य मला समजत नाही. ते तू दोनदा वाचून पाहिलंस का? मला वाटतं, एकदाही नाही. शाई वाळायच्या आत घडी घातलीस, कडेला लागलीय.

आणि एक सांगते, उपयोग नसला तरी. मी शिवण उसवते तेव्हा दोरा निघून जातो, सुईची भोकं राहतात. रांगेनं. जिला शिवण कळते तिला ती दिसतात. तुमच्या तिथं तर बघणाऱ्यांचंच घर आहे.

लगेच लिही.

आत्या

*

१३ मे

प्रिय आत्या,

काल काय झाले ते क्रमाने लिहितो.

मॅडम शुक्रवारी उशिरा आल्या. पेटी उघडूनही पाहिली नाही. शनिवारी सकाळी दहाला मुले आली. बाराच्या बारा. एकाने आल्याआल्या सोने कुठे ठेवता म्हणून विचारले. मॅडमनी पेटी टेबलावर हलकेच ओतली आणि म्हणाल्या, की हे कोणाचे आहे, कशाचे आहे, त्यांना माहीत नाही, मुलांनी सांगावे. मी आणि काका भिंतीपाशी उभे होतो.

मुले तुकड्यांवर तुटून पडली. एकीने मात्र काही जोडायला घेतले नाही. जाड चष्मा, तिला बाकीचे 'भिंग' म्हणत होते. ती एकेक तुकडा घेऊन खिडकीत जायची, कड उन्हाकडे धरायची आणि परत आणून ठेवायची. सोनेवाला तिला म्हणाला, बाई गं, आंबे निवडतेयस का. ती हसलीसुद्धा नाही. पंधरा-वीस तुकडे झाल्यावर ती मॅडमजवळ जाऊन म्हणाली,

"मॅडम, हे आधी कोणीतरी जोडलंय."

मॅडमनी विचारले, कशावरून. तिने दाखवले. कडेच्या मधोमध एक बारीक चमकणारी रेघ, आणि एका ठिकाणी कापसाचा तंतू. मग सगळीच मुले जोडणे सोडून ती रेघ शोधू लागली. एक म्हणाला, आम्हाला तर चिकटपट्टी दिलीय, मग हा गोंद कुठून आला. दुसरी म्हणाली, इतका बारीक लावलाय म्हणजे माणूस शांत असणार. तिसरा म्हणाला, किंवा घाबरट. सगळे हसले. भिंगने अठ्ठावन्न बाजूला काढून ठेवला होता. म्हणाली, याला गोंद नाही, म्हणजे ज्याने जोडलं त्याला हा यातला नाही हे कळलं होतं. आत्या, ती मुले माझ्याविषयी बोलत होती, जसे आपण त्या डावखुऱ्याविषयी बोलत होतो. मग ती म्हणाली, पण जोडलेलं पुन्हा सोडवलं का असेल?

मॅडमनी काकांकडे पाहिले. काका टक्कल चोळत पुढे झाले आणि म्हणाले, मीच जोडलं असणार, हल्ली हात काय करतात ते डोक्याला सांगत नाहीत. मॅडम म्हणाल्या, असू दे काका, बसा तुम्ही.

संपले होते. मी गुरुवारी तुला लिहिले होते तसेच, आणि मला तोंडही उघडावे लागले नव्हते. काका खुर्चीवर बसले. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि ते हातांकडे बघत राहिले.

मी 'मी' असे म्हणालो. पहिल्यांदा कोणाला ऐकूच गेले नाही. पुन्हा म्हणालो.

मॅडमनी मला टेबलाशी बोलावले आणि मुलांना सांगितले की आता यांना विचारा. चाळीस मिनिटे विचारत होती. पहिला तुकडा कुठला, बोटांच्या रेघा कशा दिसल्या, वाळू कशाला. मी तुझे आतल्या बाजूचे सांगितले, खडूचेही सांगितले. प्रत्येकाने अठ्ठावन्न दोन्ही हातांत धरून पाहिला. त्या बारा जणांत एक डावखुरा निघाला, त्याने तो सोडायलाच नकार दिला. मॅडम अठ्ठावन्नबद्दल 'शक्य आहे' एवढेच म्हणाल्या, पण दोनतीन वेळा हातात घेतला. सोनेवाल्याने विचारले, मी कितवीपर्यंत शिकलो. अर्धी दहावी म्हणालो. त्याने वर्गमित्राकडे पाहिले, पण थट्टा केली नाही.

शेवटी भिंगने पुन्हा विचारले, सोडवलं का? मी म्हणालो, भीती वाटली म्हणून. तिने ते वहीत लिहून घेतले.

मुले गेल्यावर मॅडमनी दार लावले. जोडल्याबद्दल त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या,

"या मडक्याची नोंद एकदा हरवली होती. गुरुवारी तू ती दुसऱ्यांदा हरवलीस."

जे केले ते लिहून ठेवले असते, तर त्याला काम म्हणता आले असते. न लिहिता केले, म्हणून ती मोडतोड झाली, असे त्या म्हणाल्या. मी म्हणालो, लिहिले आहे, रोजच्या रोज, चित्रांसकट, पण आत्याला. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि विचारले, आत्या कागद जपून ठेवतात का. मग मला म्हणाल्या, पंचवीस मेपर्यंत सगळी पत्रे आण, मग एकतीसचे बघू. तुझे आणि तुझ्या बाईंचे झिजलेले खडूही बघायला मागितले आहेत.

आत्या, तू ती पत्रे ठेवली आहेस ना? तुझ्याकडे कुठलाही मोठा कागद टिकत नाही, गळ्याचा आकार होऊन जातो, हे मला आठवते आहे.

तुझा

*

१७ मे

दोनदा,

ठेवलीत. चित्राच्या एका पानावरून बाहीचा आकार कापायला घेतला होता, हे खरं आहे. कात्री लावली आणि मग तुझे आकडे दिसले. वरचा कोपरा तेवढा गेलाय. अठ्ठावन्नच्या पानाला टाचणीची भोकं आहेत. आणि एका पानावर चहा सांडलाय, तो आमच्या ह्यांनी, तुझ्या मामांनी सांडला, मी नाही. तेही मॅडमना सांग, नोंद करू देत.

दोन खडू वेगवेगळ्या पुड्यांत घातलेत, वर लिहिलंय कुणाचा कुठला. मदतनीस बाई सकाळपासून ताठ चालतेय, तिचा खडू विद्यापीठात निघाला म्हणून. शेजारणीला मी या वेळी खरं सांगितलं, की तू शिकवत नाहीस, पण परवा चाळीस मिनिटं शिकवलंस. तिला ते पहिल्यापेक्षा जास्त मोठं वाटलं, मी काय करू.

पाकिटात सोळा एप्रिल, पंचवीस एप्रिल आणि चार मे, अशी तीन पत्रं आहेत. दहा मेचं नाही. तू फाडायला सांगितलंस, मी फाडलेलं नाही. पण ते मी देणार नाही. त्यात सोडवल्याचं लिहिलंयस, ते तू तोंडानं मुलांसमोर सांगितलं आहेसच. बाकीचं जे त्यात आहे, ते मडक्याविषयी नाही. तू शनिवारी 'मी' म्हणालास, म्हणजे तू तसा वागला नाहीस. मग लोकांनी ते कशाला वाचायचं? नोकरी जाईल तुझी. मॅडमना तीनच पत्रं होती असं सांगितलंस, तरी मोजायला कुणी माझ्या घरी येणार नाही.

काय करायचं ते तू ठरव. मी पत्र डब्यात ठेवलंय, बटणांच्या खाली.

आत्या

*

२६ मे

प्रिय आत्या,

नमस्कार. पाकीट तेवीसला मिळाले.

दोन दिवस मी तीन पत्रे घेऊन हिंडलो. तारखा लावून पाहिल्या. चार मेला मडके पूर्ण, बारा मेला तुकडे. मध्ये काहीच नाही. वाचणाऱ्याला वाटेल, ते आपोआप सुटले.

काल मॅडमच्या खोलीत गेलो. काकाही तिथेच होते, किल्ल्यांची यादी करत. ते बाहेर जातील म्हणून मी थांबलो, मग थांबलो नाही. पत्रे टेबलावर ठेवली आणि सांगितले की एक कमी आहे, दहा मेचे, ते आत्याने ठेवून घेतले आहे. मॅडमनी विचारले, त्यात काय आहे. मी सोडवण्याची पद्धत सांगितली, किती वाजता सुरू केले, किती बोळे लागले. आणि पुढचेही सांगितले. पकडलो गेलो तर काकांचे नाव घेणार होतो, ते विसरतात म्हणून लोकांना पटेल असे लिहिले होते. त्यांचे काय बिघडणार, असेही लिहिले होते. जसे लिहिले होते तसेच सांगितले, मऊ केले नाही.

काकांनी किल्ल्या खाली ठेवल्या. मला वाटले ते चिडतील, किंवा नेहमीसारखे 'हं' म्हणतील. त्यांनी यादीची घडी करून खिशात घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"पटलं असतं. मलाही पटलंच होतं. तू बोलेपर्यंत मी खुर्चीत बसून आठवत होतो, कधी जोडलं, कसं जोडलं. काहीच आठवेना. ते फार वाईट होतं रे."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, ती हो होती की नाही ते मला कळले नाही, आणि या वेळी विचारण्याचा हक्क मला नव्हता.

मॅडमनी नोंदवही पुढे ओढली. तुझ्याकडची तीन पत्रे तिच्यात चढली, कापलेला कोपरा, टाचणीची भोके आणि मामांचा चहा यांच्यासकट. त्यांच्या खाली त्यांनी लिहिले: '१० मेचे पत्र: आत्याकडे. मजकूर लेखकाने तोंडी सांगितला.' माझी सही घेतली. माझ्यासाठी त्यांनी वर्षभराची जागा मागितली होती. कार्यालयाने सहा महिने दिले आहेत. त्या काळात पेटीतले प्रत्येक काम आधी वहीत आणि मग हातात, असे मला लेखी दिले आहे.

वही मिटण्याआधी मॅडमनी काकांना विचारले, की आत्ता ते जे बोलले, तेही लिहायचे का. काका किल्ल्या उचलत म्हणाले, लिहा.

तुझा